तारखेची जागा

हिरालालनं पाणी भरायचा पितळेचा गुंड मांडीवर आडवा घेतला, नाव टाकायची मशीन एकदा घुर्रर करून पाहिली आणि विचारलं, "बोला इश्वरभाऊ, काय टाकू?"

"चि. सौ. कां. डिंपल हिस आई-वडिलांकडून सप्रेम भेट," इश्वरनं सांगितलं. "अन् खाली लग्नाची तारीख. पंधरा मे."

भंडाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानांत एक रीत पक्की. भांडं चारदा बदला, आठ दिवसांनी परत आणा, दुकानदार तोंड वाकडं करील पण घेईल. एकदा त्यावर नाव-तारीख पडली की मात्र विषय संपला. डिंपलला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. लग्नाला तिची ना नव्हती. अड्याळचा मनिष तिला आवडलाही होता. पण परीक्षा पास झाली तर पुण्याच्या एका कंपनीत एक जूनला कामावर हजर व्हायचं होतं, स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला. पंधरा मेला लग्न झालेल्या पोरीला एक जूनला पुण्याला कोण धाडतंय? लग्न दिवाळीनंतर करा, एवढंच तिचं मागणं. पण करडी गावातल्या त्यांच्या घरात ते बोलायला तिची जीभ रेटत नव्हती. वर्षभर मोबाइलवर स्पॅनिश शिकत होती, तेही घरच्यांना पोरीचा टाइमपास वाटत होता.

तेवढ्यात फोन वाजला. स्पॅनिश शिकवणाऱ्या रिता मॅडम. चार वाजताची तोंडी परीक्षा आत्ताच घेऊ म्हणाल्या, नंतर त्यांना वेळ नव्हता. आता आली का पंचाईत. याच परीक्षेवर नोकरी ठरायची होती. डिंपल दुकानाच्या पायरीवर आली आणि एका कानात बोट घालून उभी राहिली. समोर ऑटोवाले भोंगे वाजवत होते, मागे मशीन.

"घरच्यांनी काय करावं असं तुला वाटतं? तीन वाक्यं," मॅडम म्हणाल्या.

स्पॅनिशमध्ये दुसऱ्यानं काही करावं अशी इच्छा धरली की क्रियापदाचं रूपच पालटतं. आपलं यावं, करावं, बसावं असतं ना, तसंच समज, असं मॅडमनीच शिकवलं होतं. ती रूपं डिंपलनं धानाच्या बांधावर फिरत फिरत घोकली होती. दोन वाक्यं तिनं धडाधड म्हणून टाकली. आईनं आराम करावा. धाकट्या भावानं, गोलूनं, अभ्यास करावा.

"ही पुस्तकातली झाली. तिसरं तुझ्या मनातलं सांग."

"किएरो के मी पाद्रे..." म्हणून डिंपल अडली. तिनं आत पाहिलं. बाबा गुंडावर बोट ठेवून तारीख कुठं यायला पाहिजे ते हिरालालला दाखवत होते.

"...मे प्रेगुन्ते," ती बोलून गेली.

"बाबांनी मला विचारावं," मॅडमनी मराठीत म्हणून पाहिलं. "रूप अगदी बरोबर. पास झालीस, डिंपल. पुण्याची तयारी कर."

ती आत आली. मशीन थांबली होती. 'सप्रेम भेट' पडलं होतं.

"कोनासंग बोलून राह्यली होती व?" सुलोचनाबाईनं परात उन्हाकडे धरून पाहत विचारलं.

"परीक्षा होती, आई. पास झाली मी."

"मंग तोंड काहून असं?" इश्वर म्हणाला. "माह्याकडं पाहूनच बोलली तू. काय म्हटलं?"

परक्या भाषेत जे धडधडीत बोलता आलं, ते आता घरच्या बोलीत डिंपलच्या जिभेवर येईना. हिरालालनं मशीन सुरू केली आणि टोक गुंडाजवळ नेलं.

"पंधरा मेच ना?"

"बाबा," डिंपल एका दमात म्हणाली, "मी म्हटलं का बाबानं मले इचारावं."

"काय इचारावं?"

"तारीख. मले पुण्याले नोकरी लागली. लग्न दिवाळीनंतर करा."

सुलोचनाबाईनं परात खाली ठेवली. "लोकं काय म्हनतीन?" ती पुटपुटली, पण इश्वरचं तिकडं लक्ष नव्हतं. तो पोरीकडे पाहत होता. मग एकेक बोट दुमडत, हिशेब चुकलेल्या माणसासारखा, आपल्याशीच बोलू लागला.

"मामंजीले इचारलं. भटजीले इचारलं. मंडपवाल्याले दोन डाव इचारलं, त्याची तारीख खाली होती का नाही म्हनून." त्याचं पुढचं बोट तसंच उघडं राहिलं. "तुलेच राह्यलं."

मशीन नुसतीच घुरघुरत होती. हिरालालनं मान वर केली.

"मंग काय करू, भाऊ?"

"बंद कर ते," इश्वर म्हणाला. "तारखेची जागा सोड."