दोन खड्ड्यांच्या मध्ये

एकतिसाव्या खड्ड्यातली माती चाळून झाली आणि सर्वेक्षकाने वहीत लिहिलं, ‘काही आढळलं नाही.’ माळावर विजेचं उपकेंद्र व्हायचं होतं. त्याआधी जमिनीखाली जुनंपुराणं काही दडलंय का, एवढंच त्याला बघायचं होतं. दर दहा मीटरवर एक खड्डा. आठवडाभर घाम गाळून हाती काय लागलं, तर चार खापरं आणि घोड्याचा गंजका नाल.

प्रत्येक खड्ड्याच्या काठावर गावातली एक मावशी बसून होती. खापरांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी नाहीसा झालेला तिचा मुलगा याच माळात पुरलाय, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. पोलिसांनी हात झटकले. ऐकीव गोष्टीवर कोण कुदळ उचलतो? आता कुणी आपणहून खणायला आलंय म्हटल्यावर तिने पहिल्या दिवसापासून ठाण मांडलं. चाळणीत काही खडखडलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. सर्वेक्षकाचाही व्हायचा, खोटं कशाला बोला.

“मावशी, उठा आता. काम संपलं.”

“अजून एक खण, बाबा. इथं, या दोन खड्ड्यांच्या मध्ये.”

“माझ्या हातात नाही हो. सकाळीच साहेबांकडे आणखी दोन दिवस मागितले. म्हणाले, आपण जुन्या वस्तू शोधतो, माणसं नाही.”

“आणि उद्या?”

“उद्या भराव टाकतील. मग काँक्रीट.”

मागे मजूर फावडी, चाळण्या टेम्पोत टाकत होते. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा त्याला बघवेना, आणि तोंडाला येईल ते तो बोलून गेला.

“एवढे खड्डे खणले, मावशी. तो इथं असता तर सापडला असता.”

मावशी उठली. तिसाव्या आणि एकतिसाव्या खड्ड्याच्या मध्ये जाऊन तिने पदर नीट खोचला आणि जमिनीवर सरळ आडवी झाली. पाय जुळवले, हात अंगाशी घेतले. डोक्याकडे चार मीटर मोकळे राहिले, पायांकडेही तेवढेच.

“माझ्यापेक्षा वीतभर उंच होता,” ती आभाळाकडे बघत म्हणाली. “तेवढं धरून मोज.”