एक खिसा

पहिल्या दोन व्यसनमुक्ती केंद्रांत सगळे प्रश्न आईलाच विचारले. तिसरीकडे डॉक्टरबाई थेट सोळा वर्षांच्या पोरीकडे वळल्या. "तुला काय मदत हवी?"

पोरीनं तोंड उघडलं ते तिथंच. "आईला सांगा, माझ्या सगळ्या कपड्यांचे खिसे शिवून टाक. गोळ्या तिथंच ठेवते मी."

आईचा धंदाच शिवणकामाचा. संध्याकाळपर्यंत तिनं एकूण एक खिसा बंद केला.

चार महिन्यांनी आई केंद्रात दाखल असलेल्या पोरीला भेटायला आली, ती नवा शर्ट घेऊनच. "मुद्दाम खिसा ठेवलाय बरं का. माझा विश्वास बसलाय आता."

पोरीनं खिशात बोटं घालून पाहिली.

"तुझा बसला गं. माझा अजून बसायचाय. तुझ्या पर्समध्ये सुईदोरा असतोच, काढ."