औषधाचा गुण

"आ करा," बायको म्हणाली. मास्तरांनी मुकाट्याने आ केला. तिने जिभेवर गोळी ठेवली, पाणी पाजलं, गिळली ना ते पाहिलं.

असे मुकाट मास्तर तिला बघवत नसत. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि तोंडही तसंच. गिऱ्हाईक असो की बायको, एक टाका वाकडा गेला की ऐकवल्याशिवाय राहायचे नाहीत.

ऐन थंडीत दुकानाचं दार लावून, कोळशाची शेगडी पेटवून ते शिवत बसले होते. कोंडलेल्या वायूने बेशुद्ध पडले. इस्पितळात ऑक्सिजन दिला तसे शुद्धीवर आले, हसतखेळत घरी परतले, पुन्हा मशीनवर बसले. जिवावरचं टळलं म्हणून सगळे निर्धास्त झाले. आणि काही आठवड्यांनी मास्तर सुईत दोरा ओवता ओवता थांबले, ते थांबलेच. चाल मंदावली. बोलणं आटलं. एकदा तर बायकोलाच म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?"

"हा वायू कधीकधी उशिरा दगा देतो," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "मेंदूच्या आत इजा होत राहते. सूज उतरायला एक आणि स्मरणासाठी एक, अशी औषधं देऊन बघू. गुण येईलच असं वचन देत नाही. पण मधेच सोडू नका."

तिने औषधं सोडली नाहीत. दुकानही सोडलं नाही. मास्तरांना शेजारी खुर्चीत बसवून ती जमेल तसं शिवायची. ते भिंतीकडे बघत राहायचे.

आज एक कोट होता. दोन्ही बाह्या जोडून तिने तो झटकला आणि समोर धरला.

"डावी उजवीकडे लावलीस."

तिने वळून पाहिलं. मास्तरांच्या कपाळावर आठी होती.

"काय म्हणालात?"

"ऐकू येत नाही? उसव त्या बाह्या."

ती खाली बसली. कात्रीचं टोक टाक्यात घातलं, पण टाकाच दिसेना. मास्तरांनी जरा वाट पाहिली. मग हात पुढे करून कोट तिच्या मांडीवरून ओढून घेतला.

"रडायचं तर तिकडे जाऊन रड," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचं कापड आहे."