तिसरा प्रश्न

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइली हलवणारी ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती. चालवताना माहिती द्यायची राहिली, तर ती थांबून विचारायची, ‘कोणती फाइल?’ मग, ‘कुठे ठेवू?’ नुसतं एंटर दाबलं, की स्वतःच उत्तर ठरवून पुढे जायची. आळशांची सोय!

आज जेवायच्या सुट्टीआधी घाईघाईत दोनदा एंटर दाबलं. तिसरा प्रश्न उमटला, ‘खोलीत कोण आहे?’

हा मी लिहिलाच नव्हता. पण हाताची सवय; एंटर दाबलं गेलं.

स्क्रिप्टने उत्तर गृहीत धरलं, ‘कोणी नाही.’

साहेबांनी दार उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. “गेला वाटतं जेवायला,” असं पुटपुटत त्यांनी बाहेरून कुलूप लावलं.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

स्क्रीनवर आलं, ‘कोण ओरडतंय?’

मी नाव टाइप करू लागलो. एंटर सोडून एकही बटण दाबलं जाईना.