सभागृहाचं छप्पर

"मॅम, नात बेसूर निघाली तरी चालेल, आजी खूश होऊन गेली पाहिजे," पियानोवरची ताडपत्री ओढत साथीला वाजवणारा नोनॉय म्हणाला. "डोक्यावर छप्पर हवंय ना आपल्याला?"

"तू पियानो पूस. डीन मी आहे," लेओनोर म्हणाली खरी, पण तिचीही नजर वर गेली. वर सरळ आभाळ होतं.

डिसेंबरातल्या वादळानं इलोइलो या बेटावरच्या शहरातल्या विद्यापीठाच्या संगीत विभागाचं छप्पर पापडासारखं उचललं आणि समुद्राकडे भिरकावलं. तेव्हापासून व्हायोलिनवाले जेवणघरात बसत, गाणारे आंब्याखाली, आणि ढोलवाल्यांना कुणी जवळ उभं करत नव्हतं. देणग्यांसाठी लेओनोर पालमारेसनं अख्खं शहर पालथं घातलं. जुन्या विद्यार्थ्यांनी, कोळ्यांनी, चर्चनं जमेल तसं दिलं. त्यात खुर्च्या झाल्या. छपरासाठी सेन्योरा एन्कार्नासारखंच कुणी लागणार होतं.

तिच्या कारखान्यातली बिस्किटं ज्या घरात गेली नाहीत असं घर त्या बेटावर नव्हतं. बाईनं आपणहून फोन केला होता. "छप्पर मी घालते, काळजी सोड." आणि फोन ठेवता ठेवता, "हो, माझी नात क्लारिस प्रवेशाच्या चाचणीला येतेय. नीट ऐक हं तिला."

त्या 'नीट ऐक'नं लेओनोरची झोप उडवली होती.

दोघी आल्या. आजीच्या हातात बिस्किटांचा डबा, नातीच्या हातात काही नाही. क्लारिसनं रीतीप्रमाणे आदरानं वाकून लेओनोरचा हात कपाळाला लावला आणि गुपचूप पियानोशी जाऊन उभी राहिली.

"लहानपणी काय गायची गं!" सेन्योरा खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाली. "मला सूरबीर कळत नाही, पण बंदरावरची माणसं थांबायची. आता म्हणते, बोटीवर जायचंय! सांग, देवानं गळ्यात सोनं ठेवलेल्या पोरीनं इंजिनाचं तेल पुसायचं?"

"इंजिन नाही लोला. मी सुकाणूवर असणार," क्लारिस आजीला म्हणाली.

"गप. गा."

सगळ्या आज्यांना आपली नात कोकिळाच वाटते, लेओनोरच्या मनात आलं.

क्लारिसनं गाणं धरलं आणि नोनॉयची बोटं पहिल्याच ओळीला अडखळली. मुलगी तसूभर खाली गात होती. नोनॉयनं समजूतदारपणे पट्टी उतरवली. तीही उतरली, पुन्हा तसूभर खाली. त्यानं पट्टी चढवली. ती चढली, पण तेवढंच अंतर राखून. सुरांच्या शेजारून चालत राहिली, त्यांना एकदाही न भेटता.

आजी डोळे मिटून डोलत होती. तेही ठेक्यात नव्हतं.

गाणं संपलं. नोनॉय मोठ्यांदा म्हणाला, "आवाजाला वजन आहे!" आणि पियानोखालून त्यानं लेओनोरला पाय मारला.

लेओनोरला हो म्हणणं काही कठीण नव्हतं. एका शब्दात छप्पर. पण गायनाची एकच जागा उरली होती, आणि बाहेर आंब्याखाली दुसऱ्या बेटावरून बोटीनं आलेली एक मुलगी घसा साफ करत बसली होती. लेओनोरनं तिला सकाळीच ऐकलं होतं. चांगली होती.

"सेन्योरा," लेओनोर म्हणाली. "क्लारिस गोड मुलगी आहे. पण सूर तिच्याकडे नाही. शिकवूनही येणार नाही. मी तिला घेऊ शकत नाही."

"गेलं," नोनॉय पुटपुटला.

सेन्योरानं बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"मनिलातल्या दोन शाळांनी हिला ऐकायच्या आधीच प्रवेश दिला," ती म्हणाली. "वर विचारलं, इमारतीला नाव कुणाचं देऊ? मी भट्टीपाशी वाढलेली बाई. कच्चं ते कच्चं म्हणणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं." तिनं डोळे पुसले आणि खदखदून हसली. "अगं, छप्पर तर घालणारच होते, शब्द दिला होता. आता दोन पियानोही घे! ह्या डबड्यानं पोरीचं गाणं आणखी बिघडवलं."

नोनॉयनं तिथंच तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"आणि तू," आजी नातीकडे वळली, "जा बाई तुझ्या बोटीवर. निदान तिथं गाऊ नकोस."

क्लारिस आजीच्या गळ्यात पडली. तिचे डोळे भरून आले होते. लेओनोरला गलबलून आलं. पोरीचं मन मोडलं की काय!

"वाईट वाटून घेऊ नकोस, इहा, पोरी," ती तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली.

"नाही हो मॅम," क्लारिस खाली बघत म्हणाली. "तुमच्या कानाबद्दल खूप ऐकलं होतं. म्हणून तर इथं आले."

पडक्या भिंती दाखवायला नोनॉय सेन्योराला पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. मोजमापं, पत्रे, कौलं असं काहीबाही बोलत दोघं लांब गेले. क्लारिस गाडीत बसते म्हणून मागच्या दारानं बाहेर पडली. लेओनोर एकटीच मोकळ्या आभाळाखाली उभी राहिली. छप्पर मिळालं होतं, आणि खोटंही बोलावं लागलं नव्हतं. तिनं डब्यातलं एक बिस्किट तोंडात टाकलं.

तेवढ्यात मागच्या अंगणातून गाणं आलं.

शेवटच्या वर्षाची मुलंसुद्धा ज्याला हात लावायला कचरतात, तसलं अवघड गाणं. आवाज वर चढला, तिथं क्षणभर तरंगला आणि लखलखीत, नेमक्या सुरावर अलगद उतरला. लेओनोरच्या तोंडातलं बिस्किट तसंच राहिलं. आयुष्य गळे ऐकण्यात गेलं होतं, पण असा गळा तिच्या दारात कधी आला नव्हता. ही आंब्याखालची पोर नव्हे. मग कोण?

ती धावतच मागच्या दाराशी गेली.

पायरीवर बसून बुटाची नाडी बांधणाऱ्या क्लारिसनं मान वर केली, गाणं थांबवलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.