सेल्फ जड फिरतो

सेल्फ पुन्हा जड फिरला. तिसऱ्या खेपेला गाडी कशीबशी चालू झाली, तेव्हा हौसरावनं आधी घड्याळ पाहिलं, मग शेजारी बसलेल्या बायकोकडे.

“बॅटरी नवी. टर्मिनल साफ. अर्थिंगची वायर बदलली. तरी हे.”

“जुनी गाडी आहे. तिलाही कधी कंटाळा येत असेल,” प्रतिभा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

प्रतिभा शिकवायची त्या शाळेच्या फाटकाशी तिथलाच शंभू गुरुजी उभा होता. वय तिशीच्या आत, अजून बिनलग्नाचा. गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर त्यानंच प्रतिभाला गाडी शिकवली होती, तेही हौसरावच्या परवानगीनं. नंतर एका बारशात तो सगळ्यांदेखत म्हणाला, “बाईंचा हात लई सफाईदार.” त्या दिवसापासून हौसरावनं तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

प्रतिभा उतरली. हौसराव इंजिन बंद न करता थांबला. दोघं बोलत व्हरांड्यात शिरेपर्यंत आरशात बघत राहिला.

हौसराव रांजणगावच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होता, कायम दुसऱ्या पाळीला. दोष दिसला की तारीख, वार, वेळ टिपायची त्याला सवय. गाडीसाठीही त्यानं वही घातली होती; सेल्फ जड फिरला की त्या तारखेला फुली. पाच आठवड्यांच्या सगळ्या फुल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पडल्या होत्या.

“वार बघून गाडी बिघडत न्हाई, भाऊ,” खंडू मिस्त्री हसला. “उपास धरती का काय?”

त्यानं गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी हौसराव गेला तेव्हा खंडू खुशीत होता.

“घावला चोर. सेल्फचं बुश झिजलंय. इंजिन थंड आसलं की टकाटक फिरतो. काल पार कारेगावापर्यंत पळवून आणली, बंद केली, लगेच सेल्फ मारला. जड! तापली की धरतो बघा.”

“पण माझी सकाळीच जड जाती. रातभर जागेवर उभी आसती की.”

खंडूनं फडक्याला हात पुसले. “मग उभी नसंल.”

हौसरावनं वही मिटून खिशात घातली.

“बुश बदलू?”

“नको. राहू दे तसंच.”

पाळीवरून तो कंपनीच्या बसनं रात्री साडेबाराला यायचा आणि सकाळी साडेसातपर्यंत मेल्यासारखा झोपायचा. गाडी बोळाच्या तोंडाशी उभी असायची आणि चावी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला. सोमवारी रात्री त्यानं मीटरचा आकडा लिहून ठेवला. मंगळवारी सकाळी बावीस किलोमीटर वाढले होते. बॉनेटवर तळहात ठेवला, तर कढत.

जायला अकरा, यायला अकरा. न्हावऱ्याच्या रस्त्याला शंभूच्या वस्तीकडे वाट फुटते, तिथला किलोमीटरचा दगड अकराच दाखवतो. वस्तीवर शंभू आणि त्याचा म्हातारा बाप तात्याबा, दोघंच राहत. बाईमाणूस नाही.

हौसरावनं दार उघडून आत डोकं घातलं. गाडीत गरम भाकरीचा वास कोंडला होता. आठ वर्षांच्या संसारात प्रतिभानं त्याच्यासाठी पहाटे उठून कधी भाकरी थापली नव्हती. त्या शंभूसाठी थापते!

“गाडी कुठं नेतीस का तू?” त्यानं चहा पिताना विचारलं.

“मला चालवू देता का तुम्ही?” ती कप विसळत म्हणाली.

हे उत्तर नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. आई पडवीत ज्वारी पाखडत होती. वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी घरात पहिली जाग तिलाच यायची.

“आई, सकाळी गाडी काढल्याचा आवाज येतो का गं?”

“मला मेलीला काय ऐकू येतंय,” रतनबाई सुपावरची नजर न उचलता म्हणाल्या. “तू जिवाला एवढं लावून घेऊ नगंस. प्रतिभासारखी सून मिळायची न्हाई.”

आईला तो पुढं काही बोलला नाही. तिला धक्का बसला असता.

गुरुवारी पाळीला जाताना त्यानं दौंडला मेहुण्याला फोन लावला. “उद्या दुपारी या आन् तुमच्या बहिणीला घेऊन जा.”

“का वो दाजी? काय झालं?”

“आल्यावर सांगतो. कपडेबी सगळे न्या.”

घरी त्यानं सांगितलं होतं, डबल ड्यूटी आहे, सकाळी आठला येईन. पण पाळी सुटल्यावर तो खंडूच्या गॅरेजमध्ये आडवा झाला आणि झुंजूमुंजू होताना त्याची एम-एटी दुचाकी घेऊन निघाला. वस्तीच्या अलीकडे कडवळाच्या उंच पिकाआड ती लावली आणि उभा राहिला. शंभूच्या अंगणात चूल पेटलेली होती. ओट्यावर तात्याबा धुतलेला पटका बांधून बसला होता.

सहा वाजून दहा मिनिटांनी हौसरावची पांढरी गाडी वळली. पुढं प्रतिभाच होती, एकटी. खड्डे चुकवत तिनं गाडी अशी आणली की हौसरावला शंभूचे शब्द आठवले. वहीतली एकही फुली खोटी नव्हती.

शंभू हसत पुढं आला. प्रतिभा खाली उतरली नाही. तिनं पर्समधून मुलांच्या वह्या काढल्या, मांडीवर ठेवल्या आणि लाल पेन उघडलं. शंभू तिच्या खिडकीशी थांबला नाही. त्यानं मागचं दार उघडलं.

फडक्यात बांधलेल्या भाकरी पोटाशी धरून रतनबाई उतरल्या.

तात्याबा ओट्यावरून उठून उभा राहिला. “लई वाट बघाया लावलीस, रतन.”