फोटोपुरते पट्टे

फोटो निघाला. लगेच सुपरवायझरने पोत्याचे तोंड उघडून धरले आणि गिलाव्याच्या टोळीतले लोक एकेक करून कमरेचे सुरक्षापट्टे सोडून त्यात टाकू लागले. पट्टे नवे कोरे होते. तपासणीच्या दिवसापर्यंत ते तसेच राहावेत, अशी वरून ताकीद होती. रोज सकाळी फोटो, मग पोते, मग कुलूप.

टोळीची मुकादम आक्का. तिने आपला पट्टा सोडला नाही. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाचा हातही तिने बकलावरून बाजूला केला. त्याला आज सहाव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा करायचा होता, बांबूच्या परांचीवर उभे राहून. काल तिथली एक फळी त्याच्या पायाखालून वीतभर सरकली होती.

“आक्का, सकाळी सकाळी तमाशा नको,” सुपरवायझर म्हणाला. “फळी बांधून घेतलीय. मी स्वतः पाहिलंय.”

“खालून?”

टोळीत कोणीतरी हसू दाबले.

“इतकी वर्षं काय पट्टे लावून गिलावा केलात?”

“इतकी वर्षं फोटोही नव्हते, साहेब. निदान खोटं तरी बोलावं लागत नव्हतं.”

“पोराला वर पाठवा. नाहीतर दुसरी टोळी बोलावतो.”

“खुशाल बोलवा. पण फळी तुम्ही पाहिलीत ना? मग आधी तुम्ही उभे राहा तिच्यावर. पाचच मिनिटं. पुढे माझा मुलगा दिवसभर राहील.”

माल कालवण्याचे यंत्र कोणीतरी बंद केले. सुपरवायझरने बाह्या सरसावल्या, तावातावाने शिडीपाशी गेला, पहिल्या दांडीवर पाय ठेवला आणि वर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग पाय खाली घेतला. पोत्यातून एक पट्टा काढून त्याने कमरेला आवळला, बकल दोनदा ओढून पाहिले. पट्ट्याच्या टोकाला जाड लोखंडी हूक होता. तो मुठीत धरून त्याने पुन्हा वर नजर टाकली. सहा मजल्यांत आधाराची एकही दोरी कुठे सोडलेली नव्हती.

“आक्का,” त्याचा आवाज उतरला होता, “हा हूक अडकवायचा कशाला?”

आक्का शिडीच्या पायथ्याशी, वाट अडवून, खाली बसली. तिच्यामागे एकेक करून सारी टोळी बसली.

“सांगा ना, साहेब. आम्ही थांबलोय.”